तापीकाठचे कापड आणि फॅशनची बातमीदारी

फॅशनची बातमीदारी शिकविणारे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आता नवलाईचे राहिलेले नाहीत. लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स या नामांकित कलाशाळेत असे छोटे वर्ग चालतात. त्याच शहरात 'व्होग' मासिकाच्या प्रकाशकांनी २०१३ साली स्वतःचे महाविद्यालयच उघडले. आपल्याकडे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था १९८६ साली स्थापन झाली. तिथे 'फॅशन कम्युनिकेशन'ची चार वर्षांची पदवी मिळते, आणि ज्यांना तेथे प्रवेश मिळत नाही किंवा परवडत नाही अशांसाठी लहानमोठ्या खासगी संस्थांनी काही आठवड्यांचे वर्ग काढले आहेत. मुंबई-पुण्याच्या मुलामुलींपुरते हे लोण आता मर्यादित नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी बारावी झालेली मुलगीही घरच्यांजवळ अशा वर्गाच्या फीसाठी हट्ट धरते, आणि घरातील वडीलधारी मंडळी 'कपड्यांविषयी लिहायला शिकायचे काय?' असे म्हणून हसण्यावारी नेतात.

आम्ही त्या हसण्यात सामील होऊ इच्छीत नाही. माणूस अंगावर काय घालतो हा क्षुल्लक विषय आहे असे मानण्याचा अधिकार निदान या देशातील पत्रकारितेला तरी नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे पुण्याचे सार्वजनिक काका, खादीचा वेष करून गेले. त्या रत्नजडित मेळाव्यात त्यांनी काही बोलण्याआधीच त्यांच्या अंगावरचे जाडेभरडे कापड बोलले होते. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली आणि ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला दुसरी, कितीतरी मोठी, पेटली. या सर्व कपड्यांच्याच बातम्या होत्या. साहेबाच्या देशातही याची जाण पुढे आली. जानेवारी २००५ मध्ये पोलंडात ऑशविट्झच्या छळछावणीच्या मुक्ततेचा साठावा स्मरणदिन पाळला गेला. इतर राष्ट्रप्रमुख काळ्या, गंभीर कोटांत उभे असताना अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी बर्फातल्या सहलीला निघाल्यासारखे जाड जाकीट आणि विणलेली टोपी घालून बसले. त्यावर 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या रॉबिन गिव्हन यांनी लेख लिहिला. पुढच्याच वर्षी त्यांना समीक्षेसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. फॅशनवर लिहिणाऱ्या लेखिकेला ते प्रथमच मिळत होते. तेव्हा विषय हलका नाही. तो शिकविला जातो कसा, आणि शिकणाऱ्याला त्यातून नेमके काय दिसू लागते, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न पारखून पाहण्यासाठी आम्ही बऱ्हाणपूरचे उदाहरण घेतो. मांडवीकाठच्या वाचकाला तापीकाठच्या या गावाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. मुंबईहून उत्तरेकडे जाणारी गाडी भुसावळ सोडून खंडव्याच्या दिशेने वळली की महाराष्ट्राची हद्द ओलांडताच हे गाव लागते. राज्य मध्य प्रदेश. पण खानदेश खेटून असल्यामुळे बाजारात मराठी, निमाडी, हिंदी आणि उर्दू अशा चारही भाषा ऐकू येतात. फारूकी सुलतानांनी वसविलेले, मोगलांचे दक्षिणेतले मोठे ठाणे झालेले आणि १६८१ साली संभाजीराजांच्या फौजांनी लुटलेले म्हणून मराठी इतिहासाच्या वाचकाला ते ठाऊक असते. इतरांना ठाऊक असते ते १६३१ साली मुमताजमहल तेथे निवर्तली म्हणून. वृत्तपत्रांच्या प्रवास-पुरवण्या बऱ्हाणपूरला जातात त्या या एकाच बातमीसाठी, आणि ती बातमी आता चारशे वर्षांची होत आली आहे.

ज्या गोष्टीमुळे हे गाव जगाला माहीत होते ती मात्र कापड आहे, आणि त्या कापडाचा उत्तम बातमीदारही त्याला एकदा लाभला होता. झाँ बातिस्त ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या १६४१ साली बऱ्हाणपुराहून गेला. त्याचे प्रवासवर्णन १६७६ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्याने या गावावर पाने खर्ची घातलेली नाहीत. गाव बरेच उद्ध्वस्त आहे, घरे बहुतेक गवताने शाकारलेली आहेत, असे सांगून तो पुढे सरकतो. पण कापडाशी आला की त्याची लेखणी थबकते. येथे अतिशय पारदर्शक मलमल प्रचंड प्रमाणात होते आणि ती इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि थोरल्या कैरोपर्यंत जाते, असे तो नोंदवितो. कोणती रंगवितात, कोणतीवर फुले काढतात, त्यांच्या ओढण्या, रुमाल, पलंगपोस कसे होतात हे सांगतो. काही कापड पांढरेच ठेवून त्याच्या लांबीभर सोन्याचांदीचा एखाददुसरा पट्टा घालतात, आणि दोन्ही टोकांना जर व रेशीम यांची अशी वीण असते की उलटी बाजू कोणती आणि सुलटी कोणती हे ओळखू येऊ नये, हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

एवढ्यावर थांबला असता तर तो आजच्या एखाद्या गुळगुळीत मासिकाचा चांगला लेखक ठरला असता. पण तो पुढे जातो. पोलंडात जाणाऱ्या कापडाच्या टोकांना जर किमान तीनचार इंच रुंद नसेल, किंवा सुरतेहून होर्मुझपर्यंतच्या आणि पुढे काळ्या समुद्रावरच्या प्रवासात ती जर काळी पडली, तर माल मोठ्या तोट्यानेच विकावा लागतो. म्हणून बांधणी अशी करावी की दमटपणा आत शिरता कामा नये, असा व्यापाऱ्याला त्याचा इशारा आहे. म्हणजे पाहा, एका परिच्छेदात कापडाचे रूप आहे, त्याचा उपयोग आहे, दूरच्या गिऱ्हाइकाची आवड आहे, वाहतुकीतील जोखीम आहे आणि नफातोट्याचा हिशेबही आहे. नाही म्हणायला एक माणूस त्यात नाही: विणणारा. त्याला काय मिळत होते, तो कोण होता, हे त्या चाणाक्ष जवाहिऱ्याने लिहिले नाही. ती उणीव मात्र या लेखनप्रकाराने तेव्हापासून आजपर्यंत इमानाने जपली आहे.

योगायोग असा की फॅशनच्या पत्रकारितेचा जन्मही त्याच दशकातला. १६७२ साली पॅरिसमध्ये झाँ दोनो द व्हिझे याने 'मर्क्युर गालाँ' हे नियतकालिक काढले. दरबारी वार्ता, काव्य आणि गप्पांबरोबर या ऋतूत कोणते कापड चालते, फिती कशा बांधतात हे त्यात येई; १६७८ साली तर वेषभूषेची चित्रेही त्याने छापली. पॅरिसची ही चटक आणि हिंदुस्थानातले माग यांच्यामध्ये सरळ रस्ता होता. भारतीय छापील सुती कापडाने फ्रेंच स्त्रियांना असे वेड लावले की तेथील रेशीम व लोकरीच्या कारागिरांनी ओरड केली आणि १६८६ साली सरकारने त्या कापडावर बंदी घातली. ती उठायला १७५९ साल उजाडले. दिवाणखान्यातील आवडीनिवडी, विणकराची भाकरी आणि सरकारचे जकातधोरण ही एकाच गोष्टीची तीन अंगे आहेत, हे फॅशनच्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कळावे म्हणून याहून सोपा धडा आम्हाला तरी सुचत नाही.

आता आजचे बऱ्हाणपूर. मलमल गेली, आणि ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांनी ज्या सोन्याचांदीच्या तारेच्या उद्योगाची नोंद घेतली तो वैभवाचा काळही सरला. उरला तो यंत्रमाग. गल्लोगल्ली त्याचा खडखडाट चालतो. निघते ते बहुधा कोरे कापड, ज्याला व्यापारी 'ग्रे' म्हणतात, शिवाय अस्तराचे कापड, पंचे आणि असेच साधे विणकाम. हे कापड दुसऱ्या गावी जाऊन धुतले, रंगविले, छापले जाते आणि तिसऱ्याच नावाने दुकानात लागते. अस्तर तर शिवणीच्या आतच राहते. आपल्या अंगावरच्या कोटाचा जो भाग कोणी पाहत नाही तो कदाचित या गावात विणला गेलेला असेल. पण ज्याची बाहेरची बाजू बातमी होते त्याच्या आतल्या बाजूची चौकशी कोण करतो?

याच निमाडात नर्मदेकाठी महेश्वर आहे. महेश्वरी साडीवर कितीतरी मासिकांनी रंगीत पाने दिली आहेत आणि ते योग्यच आहे. अहल्याबाईंच्या राजधानीतील ती कला लयाला चालली असताना १९७० च्या दशकाअखेर होळकर घराण्यातील मंडळींनी 'रेहवा' संस्था उभारून तिला सावरले, ही खरोखर लिहिण्यासारखीच हकीगत. पण लेखकांचे पाय महेश्वरकडे वळतात आणि बऱ्हाणपूरकडे वळत नाहीत, यामागे कापडाच्या गुणाइतकेच आणखी एक कारण आहे. महेश्वरला घाट आहे, किल्ला आहे, राणी आहे आणि हातमाग आहे. छायाचित्र आपोआप सुंदर येते. यंत्रमागाच्या शेडमध्ये अंधार असतो, सुताचा कोंदा उडत असतो, कानठळ्या बसत असतात, आणि तेथील माणसाला 'परंपरेचा वारस' म्हणून चितारण्याची सोय नसते. तो नुसता कामगार असतो. हातमागाला संरक्षण देणारा कायदा १९८५ सालचा आहे. काही वाण हातमागासाठीच राखून ठेवावेत असे तो सांगतो. यंत्रमागवाला मग एकीकडे हातमागाचा वैरी ठरतो, दुसरीकडे मोठ्या गिरण्यांपुढे चिरडला जातो, आणि दोन्हीकडून बातमीच्या बाहेर राहतो.

अशा गावातली एखादी मुलगी, समजा यंत्रमागवाल्याचीच मुलगी, फॅशनच्या बातमीदारीचा सहा आठवड्यांचा वर्ग करते. तिला काय शिकवितात? आम्ही अन्याय करू इच्छीत नाही. चांगल्या वर्गात पुष्कळ काही मिळते. कपड्याचा काट, घाट आणि घडण यांना नावे मिळतात. मुलाखत कशी घ्यावी, छायाचित्राखालची ओळ कशी लिहावी, दिलेल्या वेळेत तीनशे शब्द कसे आटोपावेत हे कळते. पॅरिस, मिलान, न्यूयॉर्क येथील हंगामाचे वेळापत्रक समजते. यांतले काहीही टाकाऊ नाही. इंग्रजी न येणाऱ्या मुलीला या वर्गाने थोडा धीर दिला तरी फी वसूल झाली असे म्हणावे. पण वर्ग संपल्यावर ती मुंबईच्या एखाद्या प्रदर्शनाच्या तिसऱ्या रांगेत उभी राहून परक्याच्या कपड्यांचे वर्णन उसन्या विशेषणांनी करू लागली आणि घरी वडिलांच्या मागावर काय चालले आहे हे तिला बातमीलायक वाटेनासे झाले, तर त्या शिक्षणाने तिला दृष्टी दिली की होती ती काढून घेतली?

वस्तुतः त्या मुलीजवळ शहरी विद्यार्थ्याजवळ नसलेले भांडवल आहे. चाळीस नंबरी सूत म्हणजे काय हे तिला कोणी समजावून द्यावे लागत नाही. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लडी भरतात तितका सुताचा नंबर. म्हणजे चाळीस नंबरी सुताच्या एका पौंडात ३३,६०० वार धागा असतो. पणजीहून निघालेला तो धागा मडगावच्या जवळपास पोचेल. नंबर जितका वर, तितके सूत तलम; ताव्हर्निएने पाहिलेल्या मलमलीचे मर्म याच हिशेबात होते. तिला ताणा आणि बाणा ठाऊक आहे, कांडी कोण भरते ते ठाऊक आहे, आणि बहुतेक घरांत ती बायकाच भरतात हेही. एका इंचात बाण्याचे किती धागे बसतात त्याला 'पीक' म्हणतात, आणि इचलकरंजीसारख्या केंद्रांत मजुरीचा सारा तंटा 'अमुक पिकाला मीटरमागे किती पैसे' या एका वाक्याभोवती वर्षानुवर्षे फिरत आला आहे. पैशांत, रुपयांत नव्हे! एखाद्या सदऱ्याची किंमत चार आकडी असते आणि त्याच्या विणकामाची मजुरी पैशांत मोजली जाते, ही फॅशनची बातमी नव्हे तर कसली?

या बातमीच्या आड येणारी गोष्ट अज्ञान नव्हे, जाहिरात होय. हे क्षेत्रच असे आहे की ज्याच्यावर लिहायचे तोच पानाचा खर्च भागवितो. पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांच्या रोगाची भारतीय प्रेस कौन्सिलने २०१० साली चौकशी केली ती निवडणुकांच्या निमित्ताने. पण कापडाच्या, दागिन्यांच्या आणि प्रसाधनांच्या पानांवर तो रोग कितीतरी आधीपासून सभ्य वेषात वावरत होता. आता समाजमाध्यमांवर कपडे मिरवून पैसे मिळविणाऱ्यांसाठी जाहिरात-मानक परिषदेने २०२१ साली नियम केले की पैसे किंवा फुकट वस्तू घेतली असेल तर 'ही जाहिरात आहे' असे स्पष्ट लिहिले पाहिजे. जो नियम हौशी मंडळींना लागू झाला तो आपल्या पुरवण्या स्वतःला लावून घेतात का, याचे उत्तर वाचकांनीच आपल्या हातातील पाने चाळून ठरवावे. आमचीही त्यातून सुटका नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. त्याच वर्षांत आकर्षक कापडाच्या पानभर जाहिराती वृत्तपत्रांतून झळकत होत्या. एका पानावर कापड विणणाऱ्याचा संप आणि दुसऱ्या पानावर कापडाचा थाट. या दोन पानांच्या मध्ये पूल बांधणारा लेखक क्वचितच दिसला. पुढे गिरण्यांच्या जागी टोलेजंग बाजार उभे राहिले; फिनिक्स मिलच्या आवारात आज परदेशी कपड्यांची दुकाने आहेत. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११३४ जीव गेले. आत कपडे शिवण्याचे कारखाने होते. कोणत्या युरोपीय व अमेरिकी नावांसाठी ही माणसे राबत होती हे सिद्ध करण्यासाठी कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्या वेचाव्या लागल्या. त्या चिठ्ठ्या वाचता येणे हा या विद्येचा पहिला धडा असायला हवा होता. तो ढिगाऱ्यावर बसून शिकावा लागला. नंतर मात्र 'माझे कपडे कुणी शिवले?' हा प्रश्न जगभर विचारला जाऊ लागला, आणि शेफाली वासुदेव यांच्यासारख्या लेखिकांनी आपल्या देशातही हा विषय रॅम्पच्या पलीकडे नेला, हे नमूद केले पाहिजे.

गोव्यापुरते बोलायचे तर या बाबतीत आपण भाग्यवान. वेंडेल रॉड्रिक्स हे स्वतः वेषरचनाकार. पण त्यांनी गोव्याच्या पेहरावाचा इतिहास शोधला आणि २०१२ साली 'मोडा गोवा' हा ग्रंथ लिहिला. तांबड्या चौकड्यांचे कुणबी कापड, जे आपल्याच लोकांनी शेतकामाचा वेष म्हणून बाजूला सारले होते, त्याच्या पुनरुज्जीवनासाठी त्यांनी खटपट केली. २०२० साली ते गेले, परंतु कुणबी साडीला आज जे नाव आहे त्यात त्यांच्या लेखणीचा वाटा कात्रीइतकाच मोठा आहे. बऱ्हाणपूरला असा कोणी मिळालेला नाही. ते पोकळ स्थान भरून काढण्यासाठी मुंबईचा लेखक वाटेवर उतरेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ. ते माणूस गावातूनच निघावे लागेल.

भाषेचाही यात संबंध आहे. १९३० साली सुरू झालेल्या 'स्त्री' मासिकासारख्या नियतकालिकांनी घरोघरच्या बायकांना कपड्यांविषयी विचार करण्याची सवय लावली. तरीही मराठीत फॅशनवर लिहायचे म्हटले की आज निम्मे शब्द इंग्रजी येतात. हे दारिद्र्य खरे नाही. काठ, पदर, फणी, धोटा, खळ, पांजणी, बुट्टी, जर, कलाबतू हे शब्द मागावर जिवंत आहेत, वर्गात मेलेले आहेत. निमाडातली मुलगी ते बोलते, आणि अभ्यासक्रम तिला ते विसरून 'टेक्श्चर' म्हणायला लावतो.

आता सूचना करायची तर ती दूरच्या संस्थांना करून उपयोग नाही. माखनलाल चतुर्वेदी यांनी 'कर्मवीर' १९२० साली जबलपूरला काढला आणि १९२५ पासून खंडव्याहून चालविला. त्यामागे मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्रे यांची प्रेरणा होती. खंडवा आणि बऱ्हाणपूर तेव्हा एकाच निमाड जिल्ह्यात होते. बऱ्हाणपूर वेगळा जिल्हा झाला तो २००३ साली. माखनलालजींच्या नावाने भोपाळला पत्रकारितेचे विद्यापीठ आहे आणि खंडव्यालाही त्याचे केंद्र आहे. आणखी गंमत अशी की कापड विणणाऱ्या याच बऱ्हाणपूर जिल्ह्यात नेपानगर आहे, जेथे वृत्तपत्राचा कागद तयार होऊ लागला. १९५५ साली उत्पादन सुरू झाले, १९५६ साली पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला, आणि दीर्घकाळ देशात वर्तमानपत्री कागद करणारा तो एकमेव कारखाना होता. २०१६ साली नूतनीकरणासाठी थांबलेली ती यंत्रे २०२२ साली पुन्हा हलली. बऱ्हाणपूरच्या ताप्ती मिलच्या नशिबी तसे आले नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या इतर गिरण्यांबरोबर २०२० च्या टाळेबंदीत तिचीही चाके थांबली.

ज्या जिल्ह्यात कापडही होते आणि ते ज्यावर वर्णावे तो कागदही होतो, तेथे फॅशनच्या बातमीदारीचा एक छोटा वर्ग खंडव्याच्या केंद्राने चालवून पाहावा. तीन महिने पुरेत. हिंदी, मराठी, उर्दू, ज्याला जी येते त्या भाषेत लिहू द्यावे. पहिला पंधरवडा शेडमध्ये घालवावा: एका मीटर कोऱ्या कापडाचे सूत कोठून आले, खळ कोणी दिली, कांडी कोणी भरली, मागवाल्याला किती मिळाले, व्यापाऱ्याला किती, रंगवून आलेले तेच कापड इंदूरच्या दुकानात कोणत्या भावाने विकले गेले, एवढे आकडे नावानिशी जमा करावेत. लेख त्यानंतर. ताप्ती मिलच्या दारावरचे कामगार भेटायला दूर जावे लागणार नाही, आणि पोलंडला गेलेल्या मलमलीविषयी वाचायचे तर ताव्हर्निएची ती दोन पाने वर्गात आधी वाटून ठेवावीत.